पसंतीला गेलेल्या साड्या

ठाण्याच्या बाजारपेठेतल्या शकूताईंच्या दुकानात साडी आधी घरी जायची आणि मग विकली जायची. लग्न ठरलं की घरातली कर्ती बाई येई, गादीवर टेकून चहा घेई आणि दहा-बारा साड्या निवडून पांढऱ्या फडक्यात बांधून घेऊन जाई. याला पसंतीला नेणं म्हणत. घरी गाठ सुटली की अंथरुणाला खिळलेली आजी, ओली बाळंतीण, नवरा गेल्यापासून बाजारात पाऊल न टाकलेली काकू, साऱ्यांचे हात साड्यांवरून फिरत. दोन-तीन दिवसांनी नको असलेल्या साड्या परत येत, ठेवून घेतलेल्यांचं बिल तेव्हा होई. चिठ्ठी नाही, सही नाही.

शकूताईंचे यजमान सखाराम एक्याऐंशी साली अचानक गेले. आता गादीवर कोण बसणार, याची नातेवाइकांत चर्चा चालू होती, तोवर शकूताई जाऊन बसल्यासुद्धा. पण बाईच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. पहिली आली ती चेंदणी कोळीवाड्यातली आवडाबाई. तिनं भाचीच्या लग्नासाठी भलाथोरला गठ्ठा नेला आणि तिच्या मागोमाग अर्धा कोळीवाडा आला. त्या दिवसापासून आवडाबाईचं घर हे शकूताईंचं माहेरच झालं.

पसंतीला गेलेल्या साडीची जागा कपाटात रिकामी ठेवायची, तिथं दुसरी साडी शिरू द्यायची नाही, एवढाच त्यांचा नियम. सकाळी उदबत्ती ओवाळताना त्या रिकाम्या खणांवरून नजर फिरवली की कोणाकडे काय गेलंय ते त्यांना कळे. मुलगा गोपीनाथ बी.कॉम. होऊन दुकानात बसू लागला, तेव्हा त्याला मात्र ते खण नुसते रिकामे दिसत.

"आई, तू चार दिवस आजारी पडलीस तर मी काय वाचू?" तो म्हणाला.

हे शकूताईंना पटलं. त्र्याण्णव साली दुकानात कॉम्प्युटर आला. त्याच्यासोबत टाय लावलेला एक तरुण आला आणि महिनाभर वापरून पाहा म्हणून एक प्रोग्राम घालून गेला. निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं, बिल खर्र खर्र करत क्षणात हातात. शकूताईंना ते बघायला आवडलं. घोटाळा एकच होता. त्या प्रोग्रामच्या लेखी साडी एक तर दुकानात असायची, नाही तर विकलेली. पसंतीला गेलेली साडी त्याला ठाऊकच नव्हती. गोपीनाथनं तोड काढली: गठ्ठा नेताना सगळ्याचं बिल करायचं आणि परत आल्यावर रद्द करायचं.

वैशाखात आवडाबाई आली. नातीचं लग्न होतं. तिनं हौसेनं साड्या काढल्या, गाठ मारली आणि ती उठत होती तोच गोपीनाथनं तिच्या हातात हातभर लांब कागद ठेवला.

"ह्ये काय?"

"बिल, मावशी. नंतर रद्द करू."

आवडाबाईनं कागद उलटसुलट करून पाहिला आणि शकूताईंकडे वळली. "पोरीनं अजून बघलं नाय, माज्या सासूनं हात लावला नाय, आन तू मना इकून मोकली झालीस गो?" गठ्ठा तिनं गादीवर ठेवला, कागद त्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेली.

त्या दुपारी मायलेकांचं वाजलं. ते खरं बिल नव्हतं, हे आवडाबाईला समजावून सांग, असा गोपीनाथचा हेका.

"खरं नव्हतं, तर दिलंस कशाला?" शकूताई म्हणाल्या.

 एक लग्न हातचं जाईल याचं शकूताईंना तितकंसं दुःख नव्हतं. त्या घरचा उंबरठा परका होईल, ही धास्ती होती. गठ्ठ्याची गाठ त्यांनी सोडली नाही. कॉम्प्युटर उचलून परत दे असंही म्हणाल्या नाहीत. गोपीनाथला म्हणाल्या, दुसरे प्रोग्राम दाखव.

दोघांनी ठाण्यात दोन पाहिले. दोन्ही देखणे, दोन्ही बिलावर अडणारे. शेवटी कोणीतरी डोंबिवलीच्या परशुरामचं नाव सांगितलं. औषध कंपनीतली नोकरी सोडून तो घरीच प्रोग्राम लिहीत असे. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला कुरडयांची परात. त्याचा प्रोग्राम औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी केलेला होता. काळ्यावर हिरवी अक्षरं, रूप असं काही नाहीच, बिलही रेंगाळत येई. गोपीनाथ घड्याळ बघू लागला. तेवढ्यात परशुराम म्हणाला की, यात माल एका गोडाऊनमधून दुसऱ्यात हलवता येतो, बिल न करता.

शकूताई पुढे सरकल्या. "गोडाऊन म्हणजे नक्की काय हो?"

"माल तुमचाच, पण ठेवलाय दुसऱ्या जागी. ती जागा."

"किती करता येतात?"

"तुमची किती आहेत?"

"गावभर आहेत," शकूताई म्हणाल्या. "चेंदणीला आहेत, नौपाड्यात आहेत, कळव्याला तर विचारू नका."

परशुरामनं बिचकून गोपीनाथकडे पाहिलं. गोपीनाथला हसू आवरेना.

पुढच्या काही दुपारी शकूताई नावं सांगत गेल्या आणि गोपीनाथ एकेक गोडाऊन उघडत गेला. नावामागून माणूसही येई. नौपाड्याच्या ठमाबाई गठ्ठाभर गडद रंग नेतात आणि ठेवतात मात्र फिकी साडी. कळव्याच्या गुणाजींच्या घरी बाईमाणूस नाही, ते शेजारणींना दाखवायला नेतात, म्हणून त्यांना दोन दिवस जास्त द्यायचे. इतकी वर्षं त्या खणांमध्ये काय लिहिलेलं होतं, ते गोपीनाथनं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढे बैठी घरं पडून उंच इमारती उठल्या, मुली स्वतःच दुकानात येऊन आरशासमोर पदर खांद्यावर टाकून बघू लागल्या आणि ती गोडाऊनं एकेक करून ओस पडली. पण ती फार नंतरची गोष्ट.

यादीत पहिलं नाव घातलं आवडाबाईचं. मग तोच गठ्ठा गोपीनाथच्या खांद्यावर देऊन शकूताई चेंदणीला गेल्या. आवडाबाई ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"साड्या आणल्यात," शकूताई म्हणाल्या. "कागद नाही आणला."

"मंग त्या पेटीत काय लिवलंस?"

शकूताई काही बोलायच्या आत गोपीनाथच म्हणाला, "मावशी, त्यात तुमचं घर म्हणजे आमचं गोडाऊन आहे."

आवडाबाईचा हात सुकटीतच थांबला. "माजा घर तुजा गोडाऊन?"

"हो."

"मंग मईन्याचं भाडं दे," ती म्हणाली आणि सूप बाजूला सारून सरकून बसली. शकूताई शेजारी टेकल्या. आवडाबाईनं आत नातीला हाक मारली, की हात साबणानं धुऊन ये आणि पणजीलाही धरून आण.