कवळीवाल्यांचा प्रीॲम्प

गल्लीत सगळे त्यांना कवळीवाले म्हणत. उभा जन्म लोकांच्या कवळ्या बनवण्यात गेलेला, त्यामुळे हाताला एकच वळण. कुठे काही टोचेलसं दिसलं की छाटायचं, घासायचं, गुळगुळीत करायचं. नुसतं बघून सोडून देणं त्यांना जमायचंच नाही.

त्यांच्या बायकोचे वडील बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांची एकुलती एक रेकॉर्ड निघाली होती. वडील गेले, घरातला प्लेअरही मोडीत गेला, आणि रेकॉर्ड कपाटातच राहिली. कवळीवाल्यांनी हौसेनं एक जुना प्लेअर आणला, नव्या ॲम्प्लिफायरला जोडला, आणि आवाज कसा? डबीत कोंडलेल्या डासासारखा! दुकानदार म्हणाला, सुईचा आवाज फार बारीक असतो, तो वाढवायला मध्ये प्रीॲम्प लागतो, किट मिळतं, घरीच जोडा.

झालं! स्वारी पेटली. जेवणाच्या टेबलावर तारा, सुटे भाग आणि सोल्डरिंगचा धूर.

"अहो, जेवायचं कुठे आपण?"

"मांडीवर ताट घे. तुझ्या बाबांना ऐकवतो की नाही बघ!"

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. उगाच आशा लावू नका मला," ती म्हणाली. हे मात्र ती चेष्टेत बोलली नव्हती. मग त्यांनी सोल्डरचा एकेक डाग जीव ओतून दिला.

शेवटी पत्र्याच्या डबीत सगळं बसलं. तिनं मऊ फडक्यानं रेकॉर्ड पुसली, त्यांनी सुई टेकवली, आणि स्पीकरमधून आलं, "हूंऽऽऽ!" क्लॅरिनेट त्याखाली कुठेतरी गाडलेली. डबी उघडली, बंद केली, परत उघडली. गुरगुर जाईना.

"राहू द्या हो," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. आवराआवर करायला तिनं एक हात प्लेअरच्या पत्र्यावर ठेवला, दुसरा डबीवर. गुरगुर गप्प!

"हलू नकोस!" कवळीवाले एवढ्यांदा ओरडले की ती दचकून तशीच थिजली. आता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. प्लेअर आणला तेव्हा त्याच्या मागे एक बारीक वायर लोंबत होती, टोकाला ना पिन ना काही. गुरगुर थांबवायला ती डबीला जोडायची होती; आत्ता तिचं काम बायकोचे दोन हात करत होते. आणि यांनी पहिल्याच दिवशी ती मुळापासून छाटून वर कानस मारली होती!

"मी गाढव आहे, गाढव!"

"ते मला ठाऊक आहे. आधी सुई सुरुवातीला ठेवा."

त्यांनी ठेवली. सूर निघायच्या आधी कुणीतरी नाकानं जोरात श्वास ओढला.

"बाबा!" ती म्हणाली. "अहो, हे बाबाच! वाजवायच्या आधी असाच श्वास घ्यायचे."

क्लॅरिनेट सुरू झाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कवळीवाल्यांनी आपल्या रुमालानं ते पुसलं.

"उद्या वायर जोडतो गं."

"उद्या जोडा. आत्ता तो श्वास परत लावा."