तिसऱ्या भागातला ताप

बारावीची परीक्षा संपली त्या उन्हाळ्यात शहागडची आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे जालन्यात मस्तगडला येऊन राहिली. काळा चष्मा लावून नुसतं बसायचं, टीव्ही बंद. म्हणून मी वाचत असलेली इंग्रजी कादंबरी तिला मराठीत सांगायला लागले. गोष्ट तीन भागांची. एका शहरात सोळाव्या वर्षी सरकार चिठ्ठी काढून प्रत्येकाचं जन्मभराचं काम ठरवतं. एका पोरीला आयुष्यभर घंटा वाजवायची चिठ्ठी येते आणि ती सरकारशी भिडते.

दोन भाग आत्यानं जेवण विसरून ऐकले. पोरगी भिंतीवरून उडी मारायची तेव्हा ही खाटेची कड धरायची. तिसऱ्या भागात मात्र सगळे बंडखोर समितीच्या बैठकीला बसले ते उठेचनात. सरकार पडलं, तेही कुणीतरी येऊन सांगितलं. आणि अगदी शेवटी ती पोरगी तापानं मेली, अर्ध्या ओळीत.

मी नीट वाचलं नाही, असं आत्याचं म्हणणं पडलं. मी पुन्हा वाचलं. पुन्हा मेली.

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन जुन्या जालन्यातल्या पुस्तकाच्या दुकानात गेली. दुकानदार म्हणजे एक म्हातारे चाचा. माल खराब निघाला, परत घ्या, असं तिनं सांगितलं. ते नाही म्हणाले. मग तिनं स्टूल ओढलं आणि पहिल्या भागापासून गोष्ट सांगायला घेतली. वह्यांचे गठ्ठे लावता लावता चाचा थांबले. गाइड घ्यायला आलेले दोघंही थांबले. मरणापर्यंत पोचायला दुपार झाली.

चाचांनी हातातला गठ्ठा खाली ठेवला. मग म्हणाले, "ताप आल्ता तर शहरात डाक्टर न्हवता का?"

"मी तेच म्हणून राह्यले," आत्या म्हणाली.

त्यांनी कागद कापायचं पातं काढलं, शेवटची दोन पानं बराबर शिवणीपासून कापली आणि पुस्तक तिच्या हातात दिलं. ती पोरगी दार उघडून बाहेर आली आणि, इथंच आता वाक्य तुटत होतं. आत्याला तेवढं पुरलं. माझ्या कोऱ्या पुस्तकाचं काय झालं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मागच्या वर्षी शहागडला एका लग्नात जेवायला बसले, तर मी आत्याची भाची हे कळल्यावर शेजारच्या अनोळखी बाईनं विचारलं, ती घंटेवाली पोरगी आता काय करते. नोकरीला लागली, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईनं घास खाली ठेवला. "पर्मनंट हाय का?"