आईच्या मांडीवरचं शांत मूल

कुम्बो गावातल्या आमच्या आवारातली अकरा पोरं माझ्या आईच्या, सुइवेनच्या, मांडीवर वाढली. आम्ही चौघं भावंडं त्यातलीच. मूल हातात आलं की आई त्याला उभं धरून वरखाली नाचवी, पण तोंडाकडे बघत नसे. मूल हसलं की तिची नजर मक्याच्या कणसांवर. रडलं की तोंडावर एक फुंकर. "मूल सगळ्यांचं झालं पाहिजे," ती म्हणे, "नाहीतर आईनं शेतात जायचं कसं?"

लान्यू वहिनी दुआलासारख्या मोठ्या शहरात वाढलेली. आपल्या सहा महिन्यांच्या लेकीशी, बियशी, ती तासन्‌तास बोले. बिय हसली की ही हसे, बियने ओठ काढले की हिचे डोळे भरत. मात्र दुसऱ्या कुणी घेतलं की बिय किंचाळे. सोमवारी शाळा उघडायची होती. पोर घरी राहिली नाही, तर वहिनीची शिक्षिकेची जागा जाणार होती.

"पोर नव्हे, गोचीड केलीयस तिची," आई म्हणाली.

"ती मला ओळखते, आई. तुमची मुलं ओळखायची का तुम्हाला?"

मी मान खाली घालून मक्याच्या पिठाचं फुफू घोटत राहिले. मला कुणी विचारलं नाही ते बरं झालं.

सोमवारी वहिनी गेली. बिय दुपारपर्यंत रडली, मग एकदम गप्प झाली. शेजारणी आल्या. बिय या हातातून त्या हातात गेली, हूं की चूं नाही.

"आली वळणावर!" आई म्हणाली. "आणि म्हणे, दुआलाची शिकलेली सून!" सगळ्या खिदळल्या.

संध्याकाळी वहिनी आली. बियने तिच्याकडे पाहिलं. हसली नाही.

"बघ, कशी शहाणी झालीय."

वहिनीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अहो, फणफणलीय ही!"

"रडून अंग तापलंय, असं वाटलं," आई म्हणाली.

"इतक्या जणींनी घेतलं, आणि एकीनंही तोंड पाहिलं नाही तिचं?"

दवाखान्यात नर्सने सुई टोचली तरी बिय रडली नाही. तेव्हा आई वाकली. तिने बियच्या तोंडासमोर तोंड नेलं. "रड गं," ती म्हणाली, "रड ना, बाई."

बियचे ओठ थरथरले, मग तिने टाहो फोडला. आईने हात पुढे केले. वहिनीने पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पाठ फिरवली.

वहिनी पुन्हा शाळेत गेली नाही. महिनाअखेर ती जागा दुसरीला मिळाली. आई आजही आवारातली मुलं सांभाळते. बियला मात्र अजून कुणी तिच्या हातात दिलेलं नाही.