सोवळ्यातली गाडी

कार्यारंभी ज्याचे स्मरण करावे त्या श्रीगजाननास, आणि गडावरून आमच्या जिल्ह्याकडे मान किंचित कलती करून पाहणाऱ्या जगदंबेस नमस्कार असो. आज खंडेनवमी. घरात शस्त्रे म्हणून जी काही उरली आहेत, म्हणजे विळी, अडकित्ता, कात्री आणि माझा पंचांग पाहण्याचा चष्मा, ती पाटावर मांडून झाली आहेत. गाडीची पूजा मात्र खोळंबली आहे, कारण स्नान आटोपून ती सावलीत वाळते आहे. येणारे-जाणारे मला नेहमी विचारतात, "गुरुजी, गाडीला हे असे खोलवरचे तेज घरच्या घरी आणले तरी कसे?" मिळालेल्या या सवडीत गेल्या वर्षीची हकीकत लिहून ठेवतो, म्हणजे त्यांनाही उत्तर मिळेल.

गाडी आली ती माझ्या पत्नीच्या गुडघ्यासाठी. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी रुग्णालयातील खाटेवरूनच हात जोडून ती देवीला म्हणाली होती, की या पायांवर पुन्हा उभी राहिले तर गडावर येऊन तुझी ओटी भरीन. शेजारी आमचा मुलगा उभा होता. अंबडच्या कारखान्यात तो यंत्रे सांभाळतो. त्याने तेथल्या तेथे सांगून टाकले, "आई, एसटीत धक्के खात नाही जायचं. मी गाडी घेतो आणि तुला गडावर नेतो." असे एका खाटेजवळ दोन संकल्प झाले. देवीने आपल्याकडचे काम वेळेवर पुरे केले. पत्नी आधी काठीने आणि मग काठीवाचून चालू लागली. तिने खण, नारळ, हळदकुंकू, बांगड्या आणि तांदूळ एका पिशवीत भरून ती पिशवी दाराजवळच्या खुंटीला टांगली. वैशाखात गाडीही आली.

गाडीचा रंग काळा. "शाळिग्रामासारखी आहे," असे मी कौतुकाने म्हणालो. शाळिग्राम म्हटला की त्याची नित्यपूजा ओघाने आलीच.

पहिल्या रविवारी मुलाने घरातील जुन्या धोतराच्या फडक्याने गाडी पुसली. ऊन पडताच काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोलगोल बारीक रेषा उमटलेल्या दिसल्या. त्या दिवशी तो जेवला नाही. नंतर त्याने मोबाइलवर या विषयाचा जो अभ्यास आरंभिला, त्याच्या चौथाईने अभ्यास विद्यार्थिदशेत केला असता, तर त्याच्या शिक्षकांना घरी येण्याचे श्रम पडले नसते.

देवपूजेत सोळा उपचार सांगितले आहेत. गाडीचे किती हे मी मोजले नाहीत, पण आसन आणि आवाहन सोडल्यास काही उणे राहिले असे मला वाटत नाही. पूजा पहाटे, उन्हाने पत्रा तापण्यापूर्वी. प्रथम नुसत्या पाण्याची धार, म्हणजे सुटी धूळ आपोआप वाहून जाते. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. मऊ हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत घालायचा, कारण एक कण जरी मोज्यात राहिला तरी तो रंगावर ओरखडे काढतो. आरंभ छतापासून आणि चाके सर्वांत शेवटी. हात सरळ रेषेत फिरवायचा, गोल नाही. आमच्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून शेवटचे स्नान फिल्टरच्या पाण्याने. त्या काळात आम्ही माणसे नळाचे पाणी पीत होतो.

एकदा मी सहज म्हणालो, "मी गावातल्या गंगेवरून तांब्या भरून आणला आहे. थोडे शिंपडू का?"

"बाबा, देवाला घाला. गाडीला नको, डाग पडतील."

स्नानानंतर चिकणमातीसारखी एक वडी ओल्या रंगावरून अलगद फिरवायची. डोळ्यांना न दिसणारे, पण बोटांना खरखरीत लागणारे कण ती उचलून घेते. मग कंपाउंड नावाच्या घासायच्या लेपाने रेषा उतरवायच्या, पॉलिशने झळाळी आणायची आणि शेवटी मेणाचा पातळ थर. तो सुकला की निळ्या रंगाच्या अतिशय मऊ कापडाने पुसून काढायचा. मी थट्टा बाजूला ठेवून सांगतो, की हे सारे झाल्यावर त्या काळ्या रंगात जे तेज दिसे ते पृष्ठावर नसून आत कोठेतरी वसते आहे असे वाटे. आमच्या दारचा कडुनिंब त्यात पानापानांनिशी दिसे. देवघरात इतकी एकाग्रता मला फार क्वचित साधली आहे.

मला गंमत वाटली ती त्याच्या सोवळ्याची. मी कद नेसून पूजेला निघालो की लहानपणी हाच मुलगा "बाबांना हात लावू नका, शॉक बसेल," म्हणून घरभर नाचत असे. आता त्याची निळी कापडे वेगळ्या दोरीवर, वेगळ्या चिमट्यांनी वाळत. कापड जमिनीवर पडले की ते बाद. चाकांचे कापड छताला लागले तर पुन्हा आरंभापासून सारे. पाहुणे गाडीला टेकून बोलू लागले की तो हसतमुखाने त्यांना खुर्ची आणून देई. माझ्या सदऱ्याच्या गुंड्या दाराला घासतील म्हणून मी दोन हात लांबून जात असे. सोवळे बुडाले म्हणून खंत करणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी सांगू इच्छितो, की ते आमच्या अंगणात मुक्कामास आहे.

या सर्वात एकच गोष्ट घडत नव्हती. गाडी गडावर जात नव्हती.

ज्येष्ठात दिंडोरीच्या रस्त्याचे काम चालू होते, तेव्हा धूळ. आषाढात चिखल. श्रावणात गर्दी, आणि गर्दीत कोणाच्या तरी पिशवीची चेन दाराला लागणार. भाद्रपदात पितृपंधरवडा आला आणि ओटीसारख्या मंगल कार्याला तेव्हा मीच नको म्हटले. मग नवरात्र बसले, आणि त्या दिवसांत खाजगी गाड्या गडावर सोडत नाहीत. पत्नी आधी दर मंगळवारी विचारीत असे, पुढे तिने विचारणे सोडले. पिशवीतील नारळ मात्र ती वेळच्या वेळी बदलीत असे. आमच्या घरी त्या काळात ओल्या खोबऱ्याची चटणी फार वेळा झाली.

मी एकदा म्हणालो, "आपण दोघे सावकाश एसटीने जाऊन येऊ."

"नको," ती म्हणाली. "त्याने तिथे खाटेजवळ, देवीच्या साक्षीने शब्द दिलाय. मी बसने गेले तर नवस फिटेल, पण त्याचा शब्द खोटा पडेल. तो पडू द्यायचा नाही मला."



अशा स्थितीत गेल्या वर्षीची खंडेनवमी उजाडली. शेजारी फुलांचा मळा असलेले एक गृहस्थ राहतात. पहाटे फुले बाजारात पोहोचवून आलेला त्यांचा टेम्पो चिखलाने असा माखलेला असतो की त्याचा मूळ रंग आम्हाला ऐकूनच ठाऊक आहे. ते झेंडूचा मोठा हार घेऊन आले.

"गुरुजी, गाडी लय चमकती हाय. पण चालती का नुसती दिसती?"

"काका, हार बॉनेटवर नको," मुलगा घाईने पुढे झाला. "झेंडूचा रंग उतरतो. आणि दोऱ्याने चरे पडतात."

"मग कुठं घालू? तुझ्या गळ्यात?"

शेवटी हार माझ्या छत्रीला बांधून ती गाडीसमोर उभी करण्यात आली. हळदकुंकू विड्याच्या पानावर वाहायचे आणि पान गाडीपासून हातभर दूर ठेवायचे असे ठरले. नारळ शेजाऱ्यांच्या फाटकापाशी फोडायचा, कारण करवंटीची कपची उडते. चाकांखालच्या लिंबांना तेवढी संमती मिळाली. मी संकल्प सोडला आणि पूजा माझ्या छत्रीची झाली.

पूजेआधी मुलाने अखेरचा हात म्हणून दोरीवरचे निळे कापड घेऊन सगळी गाडी पुसली होती. आरतीच्या वेळी ऊन कडुनिंबाच्या फांदीखालून बॉनेटवर आले, आणि त्याचा आवाज आरतीतून एकाएकी गळाला. बॉनेटभर, दारांवर, छतावर बारीक रेषाच रेषा होत्या.

आरती संपताच तो म्हणाला, "हे फडकं कोणी घेतलं होतं?"

"मी," पत्नी म्हणाली. "काल देवाच्या समया उजळल्या त्याने. काय मऊ आहे रे! धुऊन परत वाळत घातलं होतं, जसंच्या तसं."

"कशाने उजळल्या?"

"चिंच आणि रांगोळी. नेहमीसारख्या."

तो पायरीवर बसला. "आई, रांगोळी म्हणजे दगडाची पूड. ती या धाग्यांत अडकून बसते. धुतली तरी निघत नाही."

"मला वाटलं, घरात एवढं मऊ फडकं वेगळं जपून ठेवलंय, म्हणजे ते देवाचंच असणार."

 शेजारचे गृहस्थ वाकून पाहत होते. "आमच्या टेम्पोला असलं काय बी होत नाय," ते समाधानाने म्हणाले.

पत्नी समोर येऊन उभी राहिली. "म्हणजे गाडी खराब झाली?"

"झाली."

"पूर्ण?"

"पूर्ण, आई."

"मग आता गडावर न्यायला हरकत नाही ना?"

मुलाने मान वर केली. तिच्या स्वरात टोमणा नव्हता. तिने खरोखरच विचारले होते. तिच्या मागे, उघड्या दारातून, खुंटीवरची पिशवी दिसत होती. त्याने तिकडे पाहिले. मग त्याने ते निळे कापड घडी करून तिच्या हाती दिले. "हे आता समयांनाच ठेव," तो म्हणाला. "मंगळवारी निघू."

दसरा उलटला, गडाचा रस्ता खाजगी गाड्यांना मोकळा झाला आणि त्या मंगळवारी आम्ही निघालो. दिंडोरी ओलांडल्यावर द्राक्षबागांत छाटणीनंतरची फवारणी चालू होती. वाऱ्याबरोबर त्या औषधाचे धुके आले आणि काचेवर निळसर थेंब बसले. मुलाचे हात स्टिअरिंगवर आवळले, पण गाडी थांबली नाही. पुढे एका ट्रॅक्टरने चिखलाचा प्रसाद दिला. पत्नी मागे पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि दर वळणावर म्हणत होती, "किती छान चालते रे गाडी!" ती चालते ही वार्ता आम्हा सर्वांनाच नवी होती.

गडावर वाहने लावण्याच्या जागी आम्ही उतरतो न उतरतो तोच एक वानर बॉनेटवर येऊन बसले. खाली पाहताच त्याला त्या काळ्या तेजात आपलेच मुख दिसले. त्याने दात विचकले, आतल्याने विचकले. मग ते दोन्ही हात टेकून अतिशय गंभीरपणे स्वतःकडे पाहत राहिले. मुलगा हाकलण्यास धावला.

"राहू दे," पत्नी म्हणाली. "दर्शन घेतंय."

मुलगा थबकला आणि त्या दिवशी प्रथमच हसला. महिनोन्महिन्यांच्या त्याच्या तपाला इतका तन्मय भाविक आजवर लाभला नव्हता.

प्रवासात घामाने पत्नीचे कुंकू फिसकटले होते. ओटी भरायची आणि कपाळ असे, म्हणून तिने करंडा काढला, पण आरसा घरी राहिला होता. ती क्षणभर घुटमळली. मुलाने आपल्या रुमालाने, कोरड्या, साध्या, खिशातल्या रुमालाने, दारावरची धूळ गोल पुसली. "यात बघ," तो म्हणाला. तिने एक हात दारावर टेकला आणि वाकून कुंकू लावले. गुडघा दुखला नाही. तिच्या बोटांची तांबडी खूण दारावर राहिली.

रुळांवरून डोंगर चढणाऱ्या ट्रॉलीने वर जाऊन, देवीपुढे आपल्या पायांवर उभी राहून तिने ओटी भरली. मुलगा तिच्यामागे हात जोडून उभा होता.

दारावरची ती खूण त्याने जपून ठेवली असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते असत्य होईल. घरी पोहोचताच त्याने दोन बादल्या काढल्या. मेणाचा थर होता म्हणून कुंकू पाण्यासरशी निघाले, आणि हे मला त्याने मोठ्या अभिमानाने दाखवले. समयांच्या कापडाने पडलेल्या रेषांपैकी ठळक तेवढ्याच त्याने कंपाउंडने उतरवल्या. बाकीच्या तशाच आहेत. त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक घासण्यात रंगावरच्या पारदर्शक थराचा थोडा अंश जातो. ज्याला तेज टिकवायचे आहे त्याने घासावे थोडे, धुवावे हळुवार, मेण वेळेवर द्यावे आणि उन्हात रेषा मोजत बसू नये. त्याच्या साऱ्या अभ्यासाचे सार एवढेच निघाले. विचारणाऱ्यांना माझेही उत्तर एवढेच.

त्यानंतर गाडी अनेकदा गडावर गेली, घोटीला एका लग्नास गेली, आणि एका सकाळी शेजाऱ्यांचा टेम्पो बंद पडला तेव्हा मागच्या आसनावर जुन्या चादरी अंथरून झेंडूच्या पाट्याही घेऊन गेली. परत आल्यावर तिला यथासांग स्नान घडले, हे सांगणे नको.

आता अंगणातून हाक येते आहे. "बाबा, वाळली. या पूजेला." यंदा बॉनेटवर स्वस्तिक काढण्यास अनुज्ञा आहे. तेवढ्या जागी मेण दोनदा चढवून ठेवले आहे, हे मी पाहून आलो. हारही बॉनेटवरच जाणार आहे, फक्त त्याखाली एक स्वच्छ पंचा अंथरायचा आहे. छत्री खुंटीवर विश्रांती घेते आहे.

वाचकहो, ज्या देवीने आम्हाला शेवटी आपल्या दारापर्यंत बोलावून घेतले, ती तुमच्याही कुटुंबावर कृपादृष्टी ठेवो. तुमच्या दारचे वाहन धुळीने माखून का होईना, नित्य सुखरूप घरी परत येवो. तुमच्या देवघरातील समया उजळ राहोत, वडीलधाऱ्यांचे गुडघे चालते राहोत, आणि तुमच्या मुलांनी दिलेले शब्द नारळ सुकण्यापूर्वी खरे होवोत. शुभं भवतु.