हसू नका म्हणणारा नामदेव

अंबडच्या बसस्टँडवर आमच्या गावाकडच्या गाडीचा कंडक्टर खिडकीतून ओरडला, "गुरुजी, तुमचा नामदेव गेला हो!" मी हातातला चहा संपवला आणि गाडीत चढलो. खोटं कशाला लिहू? नामदेव माझा चुलतभाऊ, बरोबरीचा, पण त्याचं मला कधी कौतुक वाटलं नाही.

आमच्या घराण्यात मी पहिला बी.ए. नामदेव चौथीतून शाळा सोडून टुरिंग टॉकीजच्या जीपवर चढलेला. बाजाराच्या दिवशी कुंभार पिंपळगावभर भोंग्यावरून पिक्चरची जाहिरात करायची, एवढंच त्याचं काम. पण कुणी धंदा विचारला की म्हणायचा, "फिल्म लाईनीत हाय." डोळ्यांवर काळा चष्मा, तोही दिवेलागणीला. इंटरव्हलमध्ये तंबूत पडद्यापुढं जाऊन उगीच उभा राहायचा, लोकांनी बघावं म्हणून. लोक फिदीफिदी हसायचे आणि हा मान डोलवायचा. माझ्या आडनावाचा माणूस... मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मी कॉलेजातून सुट्टीला आलो होतो तेव्हा तंबूत एक विनोदी पिक्चर लागला होता. त्यात एक खेडवळ माणूस असतो, आपण मोठे नट होणार या भ्रमात वावरणारा. गावातली टवाळ पोरं त्याला खोटा हार घालतात, खोटी मिरवणूक काढतात, आणि हा खरंच मुंबई गाठून स्टुडिओच्या फाटकात बसतो. पुढं लोक सह्या मागतील म्हणून रात्री धर्मशाळेत सराव करतो. लिहिता येत नाही, म्हणून भिंतीवर अंगठे उठवत बसतो! सगळा तंबू लोळून हसला. मीही हसलो, हसण्यासारखंच होतं. शेजारी बसलेला नामदेव मात्र हसला नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, "त्याला कुणी सांगत कामून न्हाई रे? सगळ्यायला माहिती हाय, त्या एकट्यालाच न्हाई."

"तुला तरी कुणी सांगितलंय का?" मी टोला हाणला.

"ए बी.ए., मला बिलकुल माहिती हाय," तो शांतपणे म्हणाला. "मी भोंगेवाला हाय. लोक हसतेत, मी हसू देतो, तेवढाच आपला टाइम जातो. पण त्याला वाटून राह्यलंय का लोक खरंच हार घालतेत..." त्यानं काळा चष्मा काढून डोळे पुसले. पडद्यावरच्या येड्यासाठी घोडा झालेला माणूस रडतो, याची मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी जीप निघाली. 'हसून हसून पोट दुखेल' असं ओरडायचं ठरलेलं. भोंग्यातून आलं ते भलतंच : "मायबापहो, पिक्चरमधी एक गरीब माणूस हाय. त्याला हसू नका. नीट बसून बघा." भर बाजारात!

टॉकीजच्या मालकानं, शेठनं, जीप थांबवली. "अरे, लोक हसायलाच येतात ना? तिकिटं काय तुझा बाप काढणार?"

मी बाजारातल्या गर्दीतून पुढं होऊन नामदेवला बाजूला ओढलं. "माफी माग, भोंगा जाईल तुझा." भोंग्याशिवाय त्याला कुत्रं विचारणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मागतो. पण मंग उद्या पुन्हा हसा म्हणूनच वरडावं लागंल ना?"

"अरे, तो माणूस नाही, पिक्चर आहे!"

"असंल," तो म्हणाला आणि माईक सीटवर ठेवून खाली उतरला. त्या रात्री तंबू तुडुंब भरला. ज्याला हसायचं नाही तो कोण, हे बघायला लोक आले आणि आदल्या रात्रीपेक्षा जास्त हसले. नामदेव नंतर धान्याच्या मोंढ्यात पोती वाहत राहिला. चष्मा कुठं गेला, कुणास ठाऊक. आता शोकसभेत त्याच हसणाऱ्यांनी "कलावंत हरपला" म्हणून गळे काढले, तेव्हा मी उठून बाहेर आलो.

परवा जयंतीला विहारापुढं गाण्यांचा कार्यक्रम होता. शेजारच्या गावचा एक म्हातारा दरवर्षी गातो. आवाज फाटका, सूर कधी लागलेला नाही, पण स्वतःला शाहीर म्हणवतो. तो उभा राहिला की मंडळी बिड्या ओढायला उठतात. पहिल्या रांगेत एकटा नामदेव शेवटपर्यंत बसायचा आणि टाळ्या वाजवायचा, असं त्याच्या बायकोनं, माझ्या वहिनीनं, सांगितलं. यंदाही मंडळी उठली. म्हाताऱ्यानं त्या रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं आणि गाणं थांबवलं... मी पुढं जाऊन तिथं बसलो. त्यानं पुन्हा सुरू केलं. गाणं भिकार होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं. टाळ्या वाजवल्या नाहीत, तेवढं माझ्याच्यानं होणार नाही.