कोणतं चीन पाहिजे तुमाले?

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो. ऑफिसात एकदा फक्त तोंड उघडायचं, "मला तीन महिने चिनी शिकायला जायचंय, कोणत्या शहरात जाऊ?" पुढचं काम लोकच करतात! मी जाऊन आले, परत कामाला लागले, तरी आमच्या आदिलाबादच्या तेल मिलमध्ये अजून ठरतंच आहे की मी कुठं जायला पाहिजे होतं.

आधी हे चिनी आलं कुठून ते सांगते.

आमच्या शेठनी सरकीचं तेल काढायची नवी मशीन चीनहून मागवली. तिच्या स्क्रीनवर सगळी चिनी अक्षरं. एके दिवशी लाल दिवा लागला आणि एक ओळ चमकायला लागली. मी फोनमधल्या भाषांतराच्या ॲपचा कॅमेरा त्यावर धरला. फोन मोठ्यानं बोलला, "कृपया आपला पट्टा घट्ट करा."

आमचे हेडक्लार्क नामदेवकाका समोरच उभे होते. त्यांनी दचकून दोन्ही हातांनी पँट वर ओढली! सगळे पोट धरून हसले. ॲप बावळट आहे म्हणून फोन खिशात टाकला आणि मशीन पुन्हा सुरू केली.

अर्ध्या तासात मशीनचा पट्टा तुटला.

शेठ हिंदीत गरजले, "किसी को भेजो! चीनी सीखने भेजो!" मला मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजी येतं, म्हणून बोट माझ्याकडे वळलं. आणि लगेच दम, "रंजना, सीझन से पहले शहर और स्कूल पक्का करो. नहीं तो मैं अपने भांजे को भेजूँगा."

हा भाचा नागपूरला असतो. त्याला मराठी बोलतानाही घाम फुटतो! मी आठ वर्षं त्या मिलमध्ये घासलीत. म्हटलं, जीव गेला तरी चालेल, ही संधी सोडायची नाही.

*

शेठचं पहिलं मत सरळ होतं. "जहाँ से मशीन आई, वहीं जाओ."

त्या गावात परदेशी लोकांना शिकवणारी एकही शाळा सापडेना. शेठ मानेनात. शेवटी मशीनच्या कंपनीतल्या इंजिनियरला, लिऊसाहेबांना, शेठसमोरच व्हिडिओ कॉल लावला. त्यांना मोडकंतोडकं इंग्रजी येतं. विचारलं, "तुमच्या गावात राहून चिनी शिकता येईल का?"

ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, "मॅडम, इथं नका येऊ. इथली बोली वेगळीच आहे. माझं लग्न होऊन बारा वर्षं झाली. माझी आई काय बोलते ते माझ्या बायकोला अजून कळत नाही."

शेठ उसासा टाकून म्हणाले, "वो तो हमारे घर में भी है!"

*

मग मी रीतसर अभ्यास केला. इंटरनेटवर वाचलं की उत्तरेला हार्बिन नावाचं शहर आहे, तिथले लोक स्वच्छ चिनी बोलतात. तिथल्या एका शाळेला मी अर्जही केला. पण थंडीत पारा शून्याखाली पंचवीस!

नामदेवकाकांचा अभिमान दुखावला. "थंडीचं आमाले काय सांगता बाई? अख्ख्या तेलंगणात सर्वात जास्त थंडी आपल्या जिल्ह्यात पडते! शेकोटी पेटवली का झालं. तिथं लाकडं भेटतात का, तेवढं इचारून घ्या."

मी म्हटलं, "काका, कृपा करा, गप्प बसा."

ते गप्प बसले. पण मी जेवायला गेले तेवढ्यात माझ्याच कॉम्प्युटरवरून, माझ्याच नावानं, त्यांनी शाळेला मेल ठोकला!

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "वसतिगृहाच्या खोलीत लाकडं जाळण्यास सक्त मनाई आहे. आपल्या अर्जाचा पुन्हा विचार केला जाईल."

हार्बिन तिथंच विझलं. मी काकांना ते उत्तर दाखवलं. तर म्हणतात, "पाहा! मी इचारलं म्हनून आधीच मालूम झालं ना?"

*

नंतर दोन शाळांचे फॉर्म आले. त्यात एक रकाना होता, जेवणाचं काही पथ्य आहे का? मी "नाही" लिहिलं. शेठनी फॉर्म वाचला, पेन काढलं आणि "नाही" खोडून लिहिलं, "शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूण नको."

मी म्हटलं, "शेठ, मैं तो मटन खाती हूँ!"

"तुम खाती हो," शेठ शांतपणे म्हणाले, "कंपनी नहीं खाती!"

*

इकडे घरी वेगळंच. आमच्या घरी मी आणि माझी माय, दोघीच. मी येता-जाता फोनवरचे दोन-चार चिनी शब्द घोकायची. मायनं जाऊ नको असं एकदाही म्हटलं नाही. नुसत्या अटी घालायची. विमान बदलायला नको. शाळेत बायाच शिकवायला पाहिजे. आणि सगळ्यात मोठी अट, "जवळ विहार पाहिजे. पौर्णिमेला वंदना कुठं घेशीन तू?"

विहाराचं नाव काढलं की आमच्यासारख्या बौद्ध घरात पुढं बोलणं संपतं. तिला ते चांगलंच ठाऊक!

मी दक्षिणेकडच्या कुनमिंग शहरातल्या एका छोट्या शाळेला विचारलं. हवा बारा महिने मवाळ, एका वर्गात चारच जण. त्यांनी बिचाऱ्यांनी जवळच्या मंदिराचे फोटो पाठवले. पहिल्याच फोटोत मोठ्या पोटाची, खदखदून हसणारी मूर्ती.

मायनं चष्मा लावला. "हे कोन व्हय?"

"तिकडचे लोक यालेबी बुद्धच मानतात, माय."

मायनं फोन डोळ्यांजवळ नेला. "मंग एवढे हासून काऊन राह्यले?"

म्हटलं, "मालूम नाही."

"तुयं चिनी आयकलं असन," माय म्हणाली आणि उठून गेली. विहार मिळाला तरी हो काही म्हटलं नाहीच!

*

आता परत आल्यावरचा एक सांगून टाकते. शेवटी मी कुनमिंगलाच गेले. तीन महिने सकाळ-दुपार अक्षरं गिरवून गिरवून बोटांना घट्टे पडले. परत आले त्या आठवड्यातच मशीन बंद पडली. अख्खी मिल माझ्याभोवती गोळा! शेठ हाताची घडी घालून उभे.

मी स्क्रीन वाचायला लागले. धड काही लागेना. लागली ती कोपऱ्यातल्या एका बारक्या बटनावरची दोन अक्षरं. "भाषा." मी बटन दाबलं. मशीननं विचारलं, चिनी की इंग्रजी?

इंग्रजी दाबलं. अख्खी स्क्रीन इंग्रजी झाली.

शेठचा आवाज आला, "ये बटन... पहले दिन से था?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात मागून नामदेवकाका, "पन ते बटन वाचाले चिनी यायले पाहिजे ना, शेठ!"

*

एक राहिला. शाळा पक्की झाली त्या सकाळचा.

शेठची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. भाच्याची बॅग म्हणे भरून तयार होती. कुनमिंगच्या शाळेनं नमुन्याचा एक तास फुकट ठेवला होता. सकाळी सातला मी फोन उभा करून बसले. समोर एक हसऱ्या बाई. इंग्रजीत समजावून चिनी शिकवत होत्या.

त्या म्हणाल्या, चिनीत आवाज वरखाली झाला की अर्थ बदलतो. "माय" हा शब्द आवाज खाली नेऊन वर आणला तर "विकत घेणे". आणि वरून झटक्यात खाली आपटला तर "विकणे". म्हणा बघू!

मी जीव तोडून म्हणायला लागले. "माय? माय! माय? माय!"

स्वयंपाकघरातून माय भाकर टाकून धावत आली. "काय झालं वं?"

"काही नाही, अभ्यास करून राह्यली." ती गेली.

"माय? माय!"

पुन्हा आली. या वेळी हातात झाडू. "साप निंगाला का?"

"नाही वं!"

तिसऱ्यांदा आली ती पिठाचे हात कमरेवर ठेवून फोनसमोरच उभी राहिली. बाईंनी कौतुकानं विचारलं, या कोण?

मी घाईत सवयीनं बोलून गेले, "माय."

बाई गोंधळल्या. "घ्यायची की विकायची?"

"काय म्हनते ते?" मायनं विचारलं.

"इचारते, घ्यायची का विकायची."

माय खाली वाकली. एक हात माझ्या डोक्यावर ठेवला, सगळं पीठ केसांत. आणि त्या बाईंच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाली,

"विकाची नाही म्हना. तीन मयने वापराले न्या, अन् जशी नेली तशी वापस आनून द्या!"