मी नुसतं 'हो' म्हटलं

शैलाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, नीतानं केला. "कमलमावशी, आई इज गॉन," एवढंच ती म्हणाली. मी पोळ्या लाटत होते. आदल्याच दुपारी तर मी हॉस्पिटलात त्यांच्याजवळ बसले होते… बसले होते म्हणजे, थोडा वेळ बसून उठून आले होते. त्याला आता दीड महिना झाला.

आमची ओळख वाढली ती इथं अमेरिकेत, नोव्हाय गावच्या लायब्ररीतल्या जपानीच्या वर्गामुळे. दोघींचे नवरे मोटारींचे भाग करणाऱ्या एकाच कारखान्यात, त्यांचे इंजिनिअर आणि माझे टूलमेकर. कारखान्यात जपानी साहेब आले, त्यांच्या बायका घरी जेवायला येऊ लागल्या, तेव्हा शैलाताईंनी ठरवलं की आपण त्यांची भाषा शिकायची. मला इंग्रजीसुद्धा धड बोलता येत नव्हतं. "अगं, तिथं सगळेच अडाणी असणार, चल," म्हणत त्यांनी मला गाडीत बसवलं. वाटेत विचारलं, "ग्रॅज्युएशन कुठून गं तुझं? पुण्याहून?" त्या स्वतः नागपूरच्या एम.ए. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "नाही, साताऱ्याहून." साताऱ्याला मी चौथीपर्यंत शाळेत गेले होते, तेवढंच त्यात खरं होतं. पुढं खुलासा करायला तोंड उघडलं नाही.

वर्गात एका कोरियन पाद्र्याची बायको होती, जपानी सून आलेले एक पोलिश आजोबा होते, दोन अमेरिकन बायका होत्या. शिकवणाऱ्या हारुकोबाई फळ्यावर अक्षरं काढायच्या आणि आम्ही सगळे पहिलीतल्या मुलांसारखे गिरवायचो. मला फार बरं वाटायचं. त्या अक्षरांपुढं एम.ए. आणि चौथी एकाच बाकावर होती. शिवाय जपानी वाक्य मराठीसारखंच चालतं, क्रियापद शेवटी. शैलाताई मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवायच्या आणि मग 'मी पिते पाणी' असं काहीतरी बोलायच्या. हारुकोबाई हसून माझ्याकडे वळायच्या, "कमल-सान?" माझं बरोबर यायचं. "चोंबडी मेली, घरी कुणाकडे शिकवणी लावलीस?" शैलाताई कानात पुटपुटायच्या. आणि सगळ्यांना अभिमानानं सांगायच्या, "आमची कमल ग्रॅज्युएट आहे, शी इज जस्ट शाय." त्या असं म्हणाल्या की मी पाटी पुसत असल्यासारखी मान खाली घालायचे.

वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं आपल्या शाळेबद्दल पाच वाक्यं बोलायची होती. मी ठरवलं, आज खरं सांगायचं. उभी राहिले. "वाताशी वा योनेन्सेइ मादे गाक्को ए इकिमाशिता." मी चौथीपर्यंत शाळेत गेले. हारुकोबाईंनी हळूच मान हलवली. शैलाताईंनी सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या, पण त्यांना कळलं नव्हतं. गाडीत म्हणाल्या, "किती फास्ट बोललीस गं! काय सांगितलंस?" मी म्हटलं, "असंच… शाळेतल्या गमती." परक्या भाषेत खरं बोलून झालं होतं, आपल्या भाषेत पुन्हा खोटं बोलले.

पुढं त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. नळीमुळे बोलता येईना. उशाशी एक पॅड असायचं, त्यावर लिहून त्या नर्सशी बोलायच्या. त्या दुपारी नीता कँटीनमध्ये गेली होती. शैलाताईंनी पॅड ओढून एक शब्द लिहिला आणि माझ्यापुढं धरला. दिवसभर नर्सशी इंग्रजी लिहून हाताला तीच सवय झाली असेल. आणि माझ्यासमोर मराठी लिहायला हवं, असं त्यांना का वाटावं? मी ग्रॅज्युएट होते ना. पाट्यांवरची छापील इंग्रजी अक्षरं मला एव्हाना लागत होती. हा घाईचा, एकात एक गुंतलेला शब्द काही लागेना. त्या डोळे मोठे करून बघत होत्या. मी हसून म्हटलं, "हो, हो." वाटलं, त्यांना झोपायचं असेल. त्यांची चादर सारखी केली, "येते हं, शैलाताई," म्हटलं आणि निघाले. दारातून वळून बघितलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

दिवसकार्य झाल्यावर नीता ते पॅड घेऊन घरी आली. "मावशी, हे लास्ट पेज. तू होतीस तेव्हा आईनं लिहिलेलं. 'स्टे' लिहिलंय. थांब म्हणून. आय नीड टू नो… तू थांबलीस ना?"

मी तिला सांगितलं. चौथीचं, वर्गातलं, सगळं. तिनं पॅड मिटलं. मग म्हणाली, "बट आई सगळ्यांना सांगायची…" जाताना पॅड माझ्याकडेच ठेवून गेली.

ते कपाटात आहे. अधूनमधून काढून बघते. आता ती चार इंग्रजी अक्षरं मला सुटी सुटी दिसतात. पण त्या दुपारी ती वाचता यायलाच हवी होती असं कुठं होतं? नुसतं विचारायचं होतं, "शैलाताई, काय लिहिलंत हो? मला वाचता येत नाही."

तेवढं तर मला मराठीत येत होतं.